मुक्ता, आधी उतार वाच

प्रिय मुक्ता,

गुलमर्गच्या अफरवट डोंगरावरचा तुझा फोटो ताईनं प्रिंट काढून आणलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. मी मात्र तुझ्या मागचा उतार बघत बसलो. गुडघाभर ताजा बर्फ, त्यावर एकही रेघ नाही. तुम्ही ज्याच्यासाठी जीव टाकता, तेच ते. राग आला तर येऊ दे, पण सांग, आदल्या रात्री किती बर्फ पडला होता? वारा कुठला होता? कुणी बर्फ खणून थर पाहिले होते का?

जानेवारी 2024 आठवतो? चिल्ले कलानच्या ऐन कडाक्याच्या थंडीत गुलमर्ग उघडंबोडकं होतं, तू तिकीट रद्द केलंस. फेब्रुवारीत बर्फ आला आणि सगळे खूश झाले. 22 तारखेला खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलन झालं, एक रशियन स्कीअर गेला. त्याआधीच्या वर्षी, 1 फेब्रुवारीला, अफरवटवरच दोन पोलिश स्कीअर गेले होते. तू तेव्हा म्हणालीस, 'मामा, ते बॅककंट्रीत होते.' आणि तू कुठे असतेस गं? गोंडोलाच्या आसपासचा भाग सोडून कड्यापलीकडे गेलीस की तिथे तुझी काळजी घ्यायला कुठलं गस्तीपथक?

सह्याद्रीत सुटा दगड डोळ्यांना दिसतो, हाताला कळतो. बर्फातला धोका खाली असतो, महिन्यापूर्वीचा. सुरुवातीला पडलेला पातळ थर कोरड्या थंडीत तसाच राहिला, की जमिनीची ऊब आणि वरची गोठवणारी हवा यांच्यामध्ये वाफ सरकत राहते. दाणे जाड्या साखरेसारखे सुटे होतात, एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा त्याची लादी करतो. मग एका माणसाचं वजनही पुरतं. बहुतेक लाद्या 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. स्कीला मजा येते तीही तिथेच ना?

आणि ऐक, अशा अपघातांत बहुतेकदा लादी सुटते ती सापडलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच वजनानं. हे वाचून मी घाबरलो, मग थोडा सावरलोही. म्हणजे पुष्कळसं तुझ्या हातात आहे.

ताईला 'बीकन आहे' असं सांगून गप्प केलंस. मला नको सांगू. बीकन गाडली गेलेली मुक्ता कुठे आहे ते सांगतो, गाडली जाऊ देत नाही. पहिल्या पाव तासानंतर जगण्याची शक्यता झपाट्यानं घसरते. तेवढ्यात श्रीनगरहून कोण येणार? तुझे सोबतीच. त्यांच्याकडे प्रोब आणि फावडं आहे का? शोधण्याचा सराव केलाय का? उतारावर एकेक जण उतरता, की फोटोसाठी सगळे एकदम?

चंडीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते रोज बघ. धोक्याच्या पाच पातळ्यांतली तिसरी लोकांना मधली, म्हणून बरी वाटते. आल्प्समध्ये सर्वाधिक माणसं त्याच पातळीच्या दिवशी गेली आहेत. आणि पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज आला, तर चर्चा करायची नाही, मागे फिरायचं.

मागे फिरायची हिंमत तुझ्यात आहे, हे मला माहीत आहे. सह्याद्रीतल्या नळीच्या वाटेला वरून दगड यायला लागले, तेव्हा दहावीतली तूच म्हणालीस, 'मामा, आज नको.' आम्ही मोठी माणसं अडून बसलो होतो, तू सॅक उचलून उलट चालू लागलीस. सगळे धड घरी आलो ते तुझ्यामुळे. हे तुला कधी बोललो नाही, आज म्हणतो.

स्की सोड असं मी सांगणार नाही, तुझा आनंद मला दिसतो. फक्त 'आज नको' म्हणणाऱ्या माणसांबरोबरच जा, आणि कुणीच म्हणत नसेल तर तू म्हण. अख्खा ग्रुप चिडला तरी म्हण.

तुझा,
मामा