काठाची राखण

माझी उभी हयात पेशवे दफ्तरातील मोडी कागदांच्या रुमालांत गेली असल्यामुळे, कोणतीही वस्तू हाती आली की तिच्या मध्यभागाआधी तिच्या कडा न्याहाळण्याची खोड मला जडली आहे. आणि नातवाच्या बारशाच्या निमित्ताने पुण्याच्या पेठांतून जी थोडी भ्रमंती घडली, तीत ही खोड अनपेक्षितपणे उपयोगी पडली. जुने पत्र वाचावयास घेताना जाणता कारकून आधी मस्तकावरील ‘श्री’ पाहतो, मग पायथ्याशी उतरून मोर्तब पाहतो, आणि कागदाला कागद चिकटवलेला असेल तर त्या सांध्यावर शिक्का उमटला आहे की नाही याची खातरजमा करून घेतो. कारण लबाडी मजकुराच्या मध्यातून सहसा शिरत नाही, मजकूर जेथे संपतो किंवा जेथे त्याला जोड आहे, तेथूनच ती आत येते. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी जी छोटी मुद्रा उमटवलेली असते तिचे कामच हे, की येथे मजकुराची हद्द झाली, यापुढे कोणी एक अक्षरही घालू नये.

बारशाच्या आधी घरातून माझ्या हाती एक याद आली. ‘अहो, एवढे जिन्नस रविवार पेठेतून आणा, आणि काळे मणी बघून घ्या,’ असा तोंडी हुकूमही तिला जोडलेला होता. यादीत चांदीचे वाळे, सोन्याच्या बिंदल्या, मनगट्या, कमरेचा करदोटा आणि एक दृष्टमणी असे पाच जिन्नस होते. त्यांपैकी बिंदल्यांवर सोन्याचा चालू भाव ऐकताच मीच काट मारली. ज्या पेढीवर मी गेलो तेथील सराफ हा आमच्या घराण्याचा जुना परिचित. त्याने वाळ्यांचे वजन केले, पावती लिहिली, आणि मनगट्या गाठवून घेण्यासाठी मला पायरीवर बसलेल्या वृद्ध पटवेकऱ्याच्या हवाली केले.

त्या गृहस्थाचे काम पाहत मी बराच वेळ उभा राहिलो. दोऱ्याचा एक पदर त्याने उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरला, त्यावर मेण फिरवले, आणि दोन काळे मणी, मग एक सोन्याचा, पुन्हा दोन काळे, अशा क्रमाने तो ते ओवू लागला. प्रत्येक काळा मणी ओवण्यापूर्वी तो उजेडाकडे धरून पाही आणि एखाद्यास टवका गेलेला दिसला तर निमूटपणे बाजूला सारी. ओवून झाल्यावर त्याने सरकगाठ मारली, पण गाठीपुढे चांगला चार बोटे दोरा शिल्लक ठेवला. ‘एवढा दोरा कशाला सोडलात?’ असे मी विचारले, तेव्हा मान वर न करताच तो म्हणाला, ‘काका, मूल काय एवढंच राहणार आहे?’

मला पायरीवर थांबलेला पाहून सराफाने कपाटातून एक वाघनख आणून दाखवले, परंतु ते वाघाचे नव्हते. पूर्वी ऐपतदार घरातील मुलाच्या गळ्यात सोन्याच्या कोंदणात बसवलेले खरे नख असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार गुन्हा ठरल्यापासून आता सोन्याच्याच पत्र्याचे नख घडवतात, आणि गिऱ्हाईक तेही तितक्याच श्रद्धेने घेऊन जाते. वाघ गेला तरी नखाचा बाक राहिला, हे मला लक्षणीय वाटले. या दागिन्यांत द्रव्यापेक्षा आकार महत्त्वाचा असतो, आणि आकारापेक्षाही तो अंगावर कोठे बसतो याला महत्त्व असते, असा तर्क तेथेच माझ्या मनात प्रथम उभा राहिला.

घरी येऊन ते जिन्नस तबकात मांडले तेव्हा हा तर्क अधिक पक्का झाला. वाळे घोट्याशी, मनगट्या मनगटाशी, करदोटा कमरेशी, दृष्टमणी गळ्याशी, आणि पेढीवर पाहिलेल्या वाघनखाची जागाही गळ्याशीच. छातीवर, पाठीवर किंवा मांडीवर, म्हणजे देहाचा विस्तार जेथे मोठा आहे तेथे, मुद्दाम घातलेले असे लेणे एकही नाही. देह जेथे निमुळता होतो, वळतो, एक अवयव संपून दुसरा सुरू होतो, तेथे मात्र एकेक पहारेकरी बसवलेला. आमच्या माई आत्यांनी शिवलेल्या खणाच्या कुंचीलाही गोट आणि लेस होती ती चेहऱ्याभोवतीच्या कडेला. आणि लुगड्याचे तरी काय? ज्या पिढ्यांनी रुईफुली आणि रुद्राक्षी काठ नेसून जुने केले, त्यांनी विणकराची सारी कुसर काठात आणि पदरातच साठवली आणि मधले अंग पुष्कळदा साधेच ठेवले.

हा नियम घरादारालाही लागू पडतो काय, हे पाहण्यासाठी मी दुसऱ्या दिवशी बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी, जे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविताही लिहीत, आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वज्री, फण्या, दौती असा प्रपंचातला ऐवज गोळा केला. राजेरजवाड्यांच्या जामदारखान्यापेक्षा सामान्य माणसाच्या माजघराकडे त्यांचा ओढा अधिक होता. तेथील कोरीव दरवाजांपाशी मी उभा राहिलो. पुण्याच्या जुन्या वाड्यांतही हेच दिसते, की कोरीव कामाची गर्दी चौकटीवर होते, गणेशपट्टीवरचा गणपती नेमका आत शिरणाऱ्याच्या मस्तकावर येतो, आणि देवळाच्या उंबरठ्यावर कीर्तिमुख जबडा वासून बसलेले असते. आपले किल्लेदारही दरवाजाच्या अंगावर शरभ कोरवून घेत. तटाच्या लांबचलांब भिंतींवर त्यांनी ती मेहनत क्वचितच केली. बाहेर पडताना दारावरील पाटीकडे लक्ष गेले. केळकरांनी संग्रहालयाला नाव दिले ते त्यांच्या बालवयात निवर्तलेल्या मुलाचे, राजाचे. बालकाच्या रक्षणासाठी माणसाने किती उपाय योजले आणि त्यांतले किती निष्फळ ठरले, याचा हिशेब त्या नावापुढे कोणी मांडू नये.

बारसे श्रावणातील एका शुक्रवारी आले. सोहेरामुळे दिव्याच्या अवसेला लावावयाचा राहून गेलेला जिवतीचा कागद त्या दिवशी सकाळी देवघराशेजारच्या भिंतीवर चिकटवण्यात आला, आणि आघाड्याची व दूर्वांची माळ, कापसाचे गेजवस्त्र असा सरंजाम वाहून घरातील बायकांनी पूजा केली. हा कागद मी बालपणापासून पाहत आलो आहे, परंतु दफ्तरातला कागद वाचावा तसा तो यापूर्वी कधी वाचला नव्हता. वर एका बाजूस नरसिंह, दुसऱ्या बाजूस कालियामर्दन करणारा बाळकृष्ण, खाली मुलाबाळांनी वेढलेल्या जरा आणि जिवंतिका, तळाशी हत्तीवर बुध व वाघावर बृहस्पती. एवढी भिन्न कुळांची मंडळी एका कागदावर का आली, याचे प्रचलित उत्तर असे आहे, की या सर्वांनी कोणत्या ना कोणत्या रीतीने बालकांचे रक्षण केले. आणि ते उत्तर खरेही आहे. परंतु माझ्या काठ पाहणाऱ्या डोळ्यांना आणखी काही दिसले. नरसिंहाने दैत्याचा वध केला तो घरात नव्हे की घराबाहेर नव्हे, तर उंबरठ्यावर. दिवसा नव्हे की रात्री नव्हे, तर तिन्हीसांजेला. आणि जरा ही तर महाभारतातली राक्षसी. दोन शकलांत जन्मलेल्या जरासंधाची शकले जोडून तिने त्याला सजीव केले, आणि पुढे भीमाने त्याला मारले ते तोच सांधा उकलून. जी स्त्री सांधा जोडते तिलाच आयांनी मुलांची राखण सांगितली, यात मला आमच्या दफ्तरी व्यवहाराचाच न्याय दिसला, की जोडावर शिक्का हवा.

स्थळाला जसे काठ असतात तसे काळालाही असतात, आणि त्यांचाही बंदोबस्त या घरगुती शास्त्राने केलेला आहे. पाचवीच्या रात्री सटवाई येते म्हणून जागरण, बाराव्या दिवशी नाव, दिवेलागणीला मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणे, तिन्हीसांजेला तान्ह्या मुलाला उंबऱ्याबाहेर न नेणे, हे सगळे काळाच्या सांध्यांवरचे पहारे होत. परगावी असलेल्या लेकरासाठी शुक्रवारी आई चार दिशांना अक्षता टाकते, तेव्हा ती बिचारी पृथ्वीच्या चारही कडांना हात पोहोचवू पाहत असते.

त्या दिवशी शेजारची मुलगी बारशाला आली होती. वैद्यकीय शिक्षणासाठी ती युक्रेनातील तेर्नोपिल शहरी राहत होती, आणि २०२२ साली युद्ध पेटल्यावर ‘ऑपरेशन गंगा’तून आलेल्या सहस्रावधी विद्यार्थ्यांबरोबर घरी परतली होती. बाळासाठी खुळखुळा देऊन झाल्यावर तिने पिशवीतून आपल्या तेथील घरमालकीणबाईंनी निघताना दिलेल्या दोन वस्तू काढल्या : एक भरतकाम केलेला सदरा, ज्याला तेथे विशिवान्का म्हणतात, आणि चिंध्या गुंडाळून केलेली, मोतान्का नावाची बाहुली. जिवतीच्या कागदाशी मी चालवलेली माझी बडबड तिने ऐकली होती. ती म्हणाली, ‘काका, हा सदरा जरा तुमच्या पद्धतीने बघा.’

मी पाहिला. गळ्याच्या पट्टीवर, मनगटाशी आणि खालच्या घेरावर काळ्या-तांबड्या दोऱ्याची नक्षी होती. ज्या वाटांनी अंग उघडे पडते त्या सर्व वाटा टाक्यांनी अडवलेल्या. बाही जेथे खांद्याला जोडली होती तेथील शिवण लपवण्याऐवजी रंगीत दोऱ्याने मुद्दाम उठावदार केली होती. अपवादही होता. बाहीवर काळ्या भरताचा दाट थर चढला होता, कारण त्या बाई बोर्श्चिव भागातल्या, आणि तेथली हीच ख्याती. शंकरपाळ्याच्या आकारातल्या चौकोनात टिंबे म्हणजे पेरलेले शेत, आठ टोकांचा तारा म्हणजे सूर्य, असे अर्थ तिने सांगितले. गावोगावी ते थोडे बदलतात हेही सांगितले. आपल्या चैत्रांगणातही सूर्य, चंद्र, गोपद्मे, शंख आणि तुळशीवृंदावन असतेच, आणि दोन घरांतल्या आज्यांचे एकमत तेथेही होत नाही. रुश्निक नावाचा असाच भरलेला लांब पट्टा तेथे जन्माला, लग्नाला आणि अंत्ययात्रेला लागतो, म्हणजे आयुष्याच्या कडांना. अंड्यावर मेणाने नक्षी काढून रंगवण्याच्या पिसान्का या कलेला युनेस्कोने २०२४ साली आपल्या यादीत घेतले आहे. आणि कार्पेथियन डोंगरातील हुत्सुल लोक असे मानतात, की कड्याला साखळदंडांनी जखडलेला दुष्ट सर्प, वर्षभरात पिसान्का कमी झाल्या तर मोकळा होऊ लागतो.

बाहुली मात्र मला काही वेळ कोड्यात पाडून गेली, कारण तिला नाकडोळे नव्हते. तोंडाच्या जागी रंगीत दोऱ्याचा क्रूस गुंडाळलेला. ‘चेहरा काढला की त्यातून कोणीतरी आत शिरतं, असं त्या म्हणायच्या,’ मुलगी म्हणाली. आपल्या शनिवारच्या लिंबू-मिरचीबरोबर चौकांतून विकली जाणारी काळी बाहुली याच्या अगदी उलट, वटारलेल्या डोळ्यांनी येणाऱ्यावर नजर रोखते. दोघींच्या कारागिरांनी चेहरा हाही एक दरवाजाच आहे हे ओळखले. एकीने तो बंद केला, दुसरीने त्यावर चौकीदार बसवला.

या संभाषणात माझा मुलगा आतापर्यंत मौन पाळून होता. तो अभियंता आहे, आणि लसीकरणाचे वेळापत्रक त्याने फडताळाच्या दारावर चिकटवून ठेवले आहे. ‘बाबा, काळ्या मण्याने कावीळ थांबत नाही,’ तो म्हणाला. थांबत नाही, हे मला मान्य आहे. परंतु कागदावरचा शिक्काही स्वतः उठून लबाडाचा हात धरत नाही. शिक्का उपयोगी पडतो तो एवढ्यासाठी, की तो जेथे असतो तेथे पाहणे कारकुनाला भाग पडते. वर्षानुवर्षे त्याच जागी पाहून त्याची नजर तयार होते, आणि मग एखाद्या जोडावरचा शिक्का अर्धवट दिसला की तो थबकतो. मनगटी रोज थोडी सरकवावी लागते, करदोटा कोठे रुततो ते बोट घालून पाहावे लागते, वाळा काढून घोट्याची घडी पुसावी लागते. घामोळे, लाली, सूज ही सारी प्रथम त्याच घड्यांत दिसतात. मूल बाळसे धरते आहे की नाही, हे वजनकाट्याच्या आधी दोरा सांगतो. ज्या आज्यांनी ही लेणी ठरवली त्यांनी हा विचार करून ती ठरवली असे माझे म्हणणे नाही; त्यांच्या मनात भीती होती आणि माया होती. पण लेणे कोठे घालावे याचा जो जाबता त्यांनी घालून दिला, त्याने पाहणाऱ्याचे डोळे दिवसातून अनेकदा नेमक्या जागी जाऊन पोहोचतात, आणि लसीच्या तारखांना त्याची मुळीच आडकाठी होत नाही.

मुलाने यावर मान डोलावली नाही, नाकारलेही नाही. पुढे काही आठवड्यांनी एका संध्याकाळी तोच बाळाचे मनगट धरून माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘हे आवळतंय, सैल करून आणतो.’ आम्ही दोघे मिळून रविवार पेठेत गेलो. पटवेकऱ्याने राखून ठेवलेल्या चार बोटांपैकी एक बोट दोरा सोडला, गाठ पुन्हा बसवली, आणि मजुरी विचारताच हात हलवून म्हणाला, ‘राहू द्या. पुढच्या महिन्यात पुन्हा यायचंच आहे तुम्हाला.’