विश्वासाचे भांडवल

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्यातील आमच्या बेला गावाभोवती कापसाचे रान पसरले आहे. मृगात बियाण्याला पैसा लागतो. तो परत येतो वेचणीनंतर. मधल्या पाच-सहा महिन्यांत शेतकऱ्याला सावकाराचे पाय धरावे लागू नयेत, याच हेतूने १९०४ साली आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला.

परंतु गावातल्या संस्थेच्या बहुतेक सभासदांचे पीक एकच असते. बोंडअळी पडली की सारे कर्जदार एकदम थकतात, आणि नेमके त्याच वेळी ठेवीदारही पैसे मागू लागतात. बँकेतील ठेवींच्या विम्याची मर्यादा २०२० साली एक लाखावरून पाच लाखांवर गेली. पतसंस्थेतील ठेवींना मात्र तो विमा नाही.

म्हणूनच जादा व्याजाच्या ओढीने निवृत्तीची पुंजी तेथे ठेवणाऱ्या शिक्षकबंधूंना आम्ही विचारतो : वार्षिक सभेला जाता का? ताळेबंद वाचता का? थकबाकी किती, राखीव निधी किती, हे पाहता का? सभासद हा संस्थेचा मालक असतो. मालकानेच हिशेब विचारला नाही, तर तो दुसऱ्या कोणी का द्यावा?