भरलेली गाडी

विज्ञानाच्या पुस्तकातल्या चित्रांचा मला मनापासून कंटाळा येतो. एक चौकोनी ठोकळा, त्याला डावीकडून टोचणारा बाण, आणि खाली सूत्र : बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. ठोकळ्यात काय भरले आहे, तो कोणाच्या दारात पडला आहे, हे कोणी सांगतच नाही! न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त गतीचे नियम मांडले, तेव्हा त्याची नजर ग्रह आणि चंद्र यांच्यावर होती. माझ्या वर्गातल्या मुलांची नजर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीपलीकडे जात नाही. आणि त्यात त्यांचे काही बिघडले आहे असे मला वाटत नाही.

इथल्या फौंड्र्यांत वाळूच्या साच्यांत वितळलेले बीड ओततात. थंड झालेला तो जड माल हातगाडीवर रचून हलवतात. अशाच एका कामगाराचा मुलगा वर्गात म्हणाला, “बाई, मोकळी गाडी एकटाच ढकलतोय. भरली की दोघं लागत्यात. पण थांबवायला तिघं लागत्यात.”

वर्ग हसला. मी मात्र खडू घेतला. गाडी पन्नास किलोची आणि जोर शंभर न्यूटनचा धरला, घर्षण बाजूला ठेवले, तर मोकळी गाडी अर्ध्या सेकंदात चालत्या माणसाचा, म्हणजे सेकंदाला एक मीटरचा वेग घेते. तीच गाडी मालासकट पाचशे किलोची झाली की त्याच जोराला पाच सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ती अडीच मीटर पुढे गेलेली असते. थांबवतानाही हिशेब तोच : पाच सेकंद, अडीच मीटर. पण समोरची भिंत मीटरभरावर असली तर? मग जोर अडीच पट हवा. निघताना घाई नसते, थांबताना असते; पोराचा तिसरा गडी इथून आला होता.

आपला डोळा या हिशेबाचा पहिला अर्धा भाग तेवढा मानतो. जड वस्तू हळूहळू निघते, म्हणून ती गरीब वाटते. तालमीतल्या पोरांना तसे वाटत नाही. धिप्पाड मल्ल जागचा हलत नाही हे त्यांना ठाऊक असते, आणि तो एकदा अंगावर आला की त्याला अडवायचे नसते, बाजूला व्हायचे असते, हेही.

दिवाळीच्या आगेमागे उसाचा हंगाम सुरू होतो. मग शिरोलीजवळच्या पुणे-बंगळूर महामार्गावर आणि आतल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर दिसू लागतात. मागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. टनावारी ओझे मागे, आणि आवरणारी चाके फक्त पुढे! शाळा सुटली की सायकलवरची मुले त्याच्या समोरून खुशाल आडवी जातात. विचारले तर म्हणतात, “बाई, तो कुठं जोरात येतोय?”

त्यांना मी आता सूत्र विचारत नाही. एवढेच विचारते, “मागं किती ऊस आहे?” ती मान वळवून ट्रॉल्यांकडे पाहतात. तेवढ्या वेळात ट्रॅक्टर पुढे निघून जातो.