दुसऱ्याच्या शेतातले तास

लासूर स्टेशनच्या बाजार समितीत नव्या मक्याच्या ट्रॉल्या लागायला लागल्या, की आसपासच्या वस्त्यांवर ज्याच्याकडे मका काढायचं मशीन आहे, त्याचा फोन थांबत नाही. “भाऊ, आज ये ना, ढग आलेत.” “उद्या नक्की का? माणसं सांगून ठेवू?” गंगापूर तालुक्याच्या या पट्ट्यात मका आहे, कपाशी आहे, कांदा आहे. पण मळणीचं मशीन ज्या पिकासाठी घेतलं, त्या पिकाचे दिवस मोजकेच. दसऱ्याच्या मागेपुढे सुरू झालेली धांदल थंडी पडेपर्यंत ओसरते, आणि पुढचे आठ-नऊ महिने मशीन ताडपत्रीखाली पडून राहतं. चार-पाच एकरांच्या धन्याने ते फक्त स्वतःसाठी घेतलं, तर हप्ता फिटता फिटत नाही. म्हणून मशीन दुसऱ्याच्या शेतात जातं.

हा धंदा बाहेरून सोपा दिसतो: ट्रॅक्टर जोडला, मका काढला, पोत्यामागे किंवा क्विंटलमागे पैसे घेतले. खरी कसरत नंबर लावण्यात आहे. ज्याने आधी फोन केला त्याच्याकडे आधी, हा न्याय ऐकायला बरा. पण एक शेत पूर्वेला आणि पुढचं पश्चिमेला असेल, तर डिझेल रस्त्यातच जळतं आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. मुरलेला मशीनवाला एका शिवाराचं काम एकदम उरकतो. शिवारात शिरण्याआधी कुणाची वाट चिखलाची आहे आणि कुणाची कणसं खळ्यावर पडून आहेत, याचा अंदाज त्याने घेतलेला असतो. पावसाळी दिवसात तर कुणाचा नंबर पुढे घेतला आणि कुणाचा मागे टाकला, हे गाव वर्षभर लक्षात ठेवतं.

खळ्यावर गेल्यावर तो लगेच मशीन लावत नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळाचं कणीस काढतो, चार दाणे अंगठ्याने सोलून दाताखाली धरतो. दाणा कट्कन तुटला तर ठीक. चिकटला, चेपला, तर मका ओला आहे. ड्रममध्ये फुटणार, बुरकुंडालाही दाणे राहणार. सरकारी खरेदीत मक्याला 14 टक्के ओलाव्याची मर्यादा आहे, आणि खुल्या बाजारातही व्यापारी ओल्या मालाचा भाव पाडतोच. “दोन उन्हं दाखवा, मग येतो,” असं सांगणारा मशीनवाला त्या दिवसाचं भाडं सोडतो. सगळेच सोडत नाहीत, हेही खरं.

मळणीयंत्राने अनेकांचे हात घेतले आहेत. हे अपघात इतके वाढले होते, की 1983 मध्ये केंद्राने धोकादायक यंत्रांवर कायदा केला आणि पॉवर थ्रेशर त्यात घातला. कणसं आत सोडायची चारी पुरेशी लांब हवी, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. तरीही घाईत ओढणी, उपरणं, सैल बाही पट्ट्यात जाते. भाड्याने मशीन देणाऱ्याने स्वतःचा माणूस तोंडाशी उभा करावा. शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला तिथे उभं राहू देणं ही काटकसर नव्हे.

हंगाम लांबवता येत नाही, तेव्हा मशीन लांब नेतात. 1944 मध्ये, युद्धामुळे माणसं आणि पोलाद दोन्ही कमी असताना, अमेरिकेत मॅसी-हॅरिस कंपनीची सुमारे 500 स्वयंचलित हार्वेस्टर दक्षिणेतून उत्तरेकडे, पिकत जाणाऱ्या गव्हाच्या मागोमाग गेली. आपल्याकडे पंजाबातले हार्वेस्टरवाले तेच करतात. गहू-सोयाबीनच्या दिवसांत ते महाराष्ट्रात उतरतात. लासूरचा मशीनवाला इतका लांब जात नाही. तो ट्रॅक्टर तोच ठेवतो आणि मागचं अवजार बदलतो: मका झाला की रोटा, उन्हाळ्यात नांगर, मृगात पेरणीयंत्र. पेरणी झाल्यावर आंतरमशागतीला कल्टी.

आता पैशाचा भाग. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्यावरून, ट्रॅक्टर शेतातच चालतो म्हणजे त्याचं भाडंही शेतीचंच, असा सोयीचा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. दुसऱ्याच्या शेतात केलेल्या कामाचे पैसे हे धंद्याचं उत्पन्न. ऐकून पोटात गोळा येतो खरा, पण कर वाचवायची वाटही इथूनच निघते. ज्या उत्पन्नावर करच नाही, त्यातून खर्च वजा करून घ्यायलाही जागा नाही. स्वतःच्या मक्यावर मशीन कितीही झिजलं, तरी ती झीज करापुरती वाया. तेच मशीन शेजाऱ्याच्या खळ्यावर गेलं, की डिझेल, ड्रायव्हरचा पगार, कर्जाचं व्याज आणि घसारा, सगळं भाड्यातून वजा होतं.

म्हणून ट्रॅक्टरच्या अवर मीटरला मोल आहे. समजा वर्षात 400 तास भरले आणि त्यातले 300 तास दुसऱ्याच्या कामाचे, तर तीन चतुर्थांश घसारा धंद्याच्या वाट्याला. हे सांगायला वही लागते: तारीख, शेत, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा. रोज संध्याकाळी दोन ओळींचं काम, आणि तेच बहुतेकांकडून होत नाही.

घसाऱ्याचा नेहमीचा दर 15 टक्के. दोन लाखांच्या मशीनवर पहिल्या वर्षी 30,000, पुढच्या वर्षी उरलेल्या 1,70,000 वर 25,500. मात्र घेतलेल्या वर्षी ते 180 दिवसांपेक्षा कमी वापरात असेल, तर निम्माच. हंगामी यंत्रवाल्याला हा नियम नेमका आडवा येतो. 2025 चं उदाहरण घ्या. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, ट्रॅक्टर आणि बहुतेक शेतीयंत्रांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. 2 ऑक्टोबरला दसरा. त्या दिवशी पूजा करून कामाला लावलेल्या मशीनचे 31 मार्चपर्यंत 181 दिवस भरतात. दिवाळीची वाट पाहणाऱ्याचा पहिल्या वर्षीचा घसारा अर्धा झाला. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी होती, मका पाण्यात उभा होता. अशा वेळी नवं मशीन घ्यायला कुणाचा हात धजावणार, हा प्रश्न कॅलेंडरला पडत नाही.

अनुदानाचंही असंच. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महाडीबीटीवर अर्ज करून अल्पभूधारकाला 50 टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकते. पण ती रक्कम किमतीतून वजा करूनच घसारा धरायचा. आणि मशीनचे पैसे एकाच दिवशी 10,000 च्या वर रोख मोजले, तर तेवढी रक्कम घसाऱ्यासाठी किंमत म्हणून धरलीच जात नाही. दुकानदार रोखीवर सूट देतो तेव्हा हे आठवत नाही.

शेतीच्या कामासाठी यंत्र भाड्याने देण्यावर जीएसटी नाही. तोच ट्रॅक्टर बांधकामाला मुरूम वाहायला लागला, की गोष्ट बदलते. तिथे शेतीची सूट नाही, आणि विम्याच्या कागदावर ‘शेतीकामासाठी’ लिहिलेलं असेल तर अपघातानंतरचा वाद वेगळाच.

ज्याला एवढा हिशेब नको, त्याला अनुमानित कराची सोय आहे: बँकेतून किंवा फोनवरून आलेल्या भाड्याचा 6 टक्के, रोख भाड्याचा 8 टक्के नफा धरायचा आणि मोकळं व्हायचं. सहा लाखांचं भाडं खात्यात आलं तर नफा 36,000. मग घसारा वेगळा मागता येत नाही. खरं तर 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे एकट्या मशीनवाल्याला करबचतीचं फार कौतुक नसावं. त्याला विवरणपत्राचा उपयोग बँकेत होतो, दुसऱ्या ट्रॅक्टरचं कर्ज मागताना. ज्याचं दुकान आहे, नोकरी आहे किंवा ज्याच्याकडे तीन-चार मशीनं आहेत, त्याने मात्र घसाऱ्याचा हिशेब मांडून पाहावा.

उधारी हा या धंद्याचा जुना रोग. “माल मार्केटला गेला की देतो” म्हणणारा माल विकून आधी खतवाल्याचं देणं फेडतो. हिशेब रोख पद्धतीने ठेवला, तर पैसे हातात आल्यावरच ते उत्पन्न धरलं जातं, एवढा तरी दिलासा.

आणि सोयरे-धायरे. मेहुण्याने डिझेल टाकलं, दोन एकर काढून घेतलं. “भाडं कसलं मागता दाजी, डिझेल टाकलंय ना मी?” चुलत्याच्या शेताचं तर विचारायलाच नको, सातबारा वेगळा झाला तरी खळं एकच. वहीत हे तास धंद्याचे धरायचे की घरचे? सीए सरळ सांगतो, पैसे नाहीत तर घरचे. मग मशीनवाला पेन्सिलने आकडे खोडतो आणि त्या महिन्याचे धंद्याचे तास पुन्हा मोजायला घेतो.