इच्छापूरच्या दोन्ही अंगांना

इंदूरचा महामार्ग इच्छापूरच्या इच्छादेवीच्या डोंगराजवळून महाराष्ट्रात शिरतो. केळीच्या बागा हद्दीच्या अलीकडे-पलीकडे सारख्याच. अलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या कितीतरी मुलांची घरची बोली मराठी, शाळेचं पुस्तक हिंदी. या हद्दीच्या दोन्ही अंगांना, शाळेत विज्ञान कसं शिकवावं, याचे दोन मोलाचे प्रयोग सत्तरच्या दशकात झाले. एक मध्य प्रदेशात होशंगाबादला, दुसरा इथून जवळच, रावेर तालुक्यातल्या खिरोद्याला.

*

वि. गो. कुलकर्णी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ. १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघालं, त्याचे संस्थापक-संचालक. प्रयोगशाळेतली मानाची जागा असताना हा माणूस पालिकेच्या आणि खेड्यातल्या शाळांकडे वळला. खिरोदा परिसरातल्या शिक्षकांबरोबर केंद्राने काम केलं. वर्गात नेमकं काय अडतं, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यायचं होतं.

*

अडत होती भाषा. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी गंभीर यांनी विज्ञानाचे धडे सोप्या मराठीत लिहून पाहिले. मुलांची विज्ञानातली प्रगती सुधारली. १९८१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मूल 'कच्चं' आहे असं म्हणण्याआधी धड्यातलं वाक्य तपासावं, हा धडा प्रत्येक बी.एड. वर्गात पहिल्या दिवशी द्यायला हवा. हद्दीवरच्या गावांत तर त्याची गरज दुप्पट.

*

होशंगाबाद, १९७२. किशोर भारती ही संस्था आणि रसुलियाचं मित्र मंडळ केंद्र यांनी १६ उच्च प्राथमिक शाळांपासून विज्ञान शिक्षणाच्या कार्यक्रमाला सुरुवात केली. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पोचला. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सुट्टीत शिबिरांना येत. शिक्षक गट करून स्वतः प्रयोग करत, वाद घालत, चुकलेली मापं पुन्हा घेत. नंतर दरमहा गोष्ठी, म्हणजे वर्गातल्या अडचणींवर एकत्र बसून बोलणं. परीक्षेतही पुस्तक उघडायची मुभा, कारण पारख पाठांतराची नव्हतीच.

*

अभियंते अरविंद गुप्ता याच कार्यक्रमात १९७८ साली आले, पुण्याच्या टेल्को कारखान्यातून रजा घेऊन. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हेच काम केलं. शाळेत साहित्य नाही, ही सबब त्यांच्या कामापुढे टिकत नाही.

*

२००२ साली मध्य प्रदेश सरकारने होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांत जमलेली शिक्षकांची सवय एका आदेशाने मोडली. याचं दुःख मला आजही वाटतं.

*

असं काम पुन्हा उभं राहायचं, तर प्राध्यापकांना शाळेत यावं लागेल. प्राध्यापकाच्या बढतीसाठी शोधनिबंध मोजतात. त्याने किती शाळांतल्या शिक्षकांबरोबर बसून प्रयोग केले, हेही मोजावं. हद्दीलगतच्या बुऱ्हाणपूर आणि जळगाव जिल्ह्यांतल्या प्रत्येक महाविद्यालयातल्या विज्ञान विभागाने शेजारच्या चार-पाच शाळा कायमच्या जोडून घ्याव्यात. एका दिवसाच्या कार्यशाळेने शिक्षक घडत नाही. दर महिन्याला परत येणारा प्राध्यापक त्याला हवा असतो.