अध्यात्म म्हणजे धाक नव्हे, गुरुजी!

राळेगणसिद्धीला डीएलएड, बीएडच्या सहली नेहमी येतात. पाणलोटाची कामं बघायची, यादवबाबा मंदिरासमोर ग्रुप फोटो काढायचा, अहवाल लिहायचा. मी बातमीच्या कामानं गेलो की या पोरापोरींशी बोलतो. परवा विचारलं, शाळेत अध्यात्म म्हणजे काय?

उत्तरं ठरलेली. परिपाठ, प्रार्थना, मौन, श्लोक. एकजण म्हणाला, "सर, त्यानं शिस्त लागते." एका मुलीनं मात्र विचारलं, "वर्गात दुसऱ्या धर्माचं लेकरू असेल तर त्यानं श्लोकाच्या वेळी काय करायचं?" सगळे गप्प. खरं तर राज्यघटनेचं कलम 28 यांनी वाचलेलं असतं. पूर्ण सरकारी पैशावरच्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय सक्ती नाही. पण ते पेपरापुरतं.

मला जास्त खटकली ती शिस्त. 1975 साली अण्णा गावात परतले, स्वतःच्या पैशातून मंदिर दुरुस्त केलं, गावाचं काम तिथूनच उभं राहिलं. दारुड्यांना त्याच मंदिरासमोर खांबाला बांधून मारल्याचं अण्णांनीच सांगितलंय. ही गोष्ट भावी शिक्षकांना फार आवडते. "असाच धाक पाहिजे!" अरे बाबांनो, शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 17 मुलाला मारायलाही बंदी करतं आणि मानसिक छळालाही. गावानं तेव्हा ते चालवून घेतलं, म्हणून चौथीतल्या पोरावर हात उचलायचा परवाना मिळत नाही.

याच गावातली दुसरी गोष्ट कुणाच्या अहवालात नसते. 1979 ला इथं हायस्कूल सुरू झालं. शेजारच्या पिंपळनेरच्या संत निळोबारायांचं नाव शाळेला आहे. ती गाजली ते इतरांनी नाकारलेली नापास मुलं घेऊन, वसतिगृहात ठेवून शिकवण्यामुळं. जिथं नापास हीच प्रवेशाची पात्रता, तिथं मला अध्यात्म दिसतं. श्लोक येवोत न येवोत.

अर्थात या पोरांचंही काय चुकतं म्हणा! टीईटी, टेट, मग भरतीची वाट बघत पवित्र पोर्टल. नावात तेवढं पवित्र. यांना शांत बसून विचार करायला शिकवलं कुणी?

अध्यापक महाविद्यालयाच्या सर-मॅडमना विनंती, पुढच्या सहलीत फोटोची दहा मिनिटं कमी करा, त्या शाळेतल्या शिक्षकांशी तासभर बोलणं ठेवा. आधी फोन करून वेळ मात्र घ्या, परीक्षेच्या दिवसांत नको.