झोपेतली नाडी

वाईला आमच्या आजोळी माडीवर वैद्यकीचा व्यवसाय चाले, आणि तेथे पोहोचण्यासाठी एक उभा, अंधारा लाकडी जिना चढावा लागे. आजोबा, म्हणजे माझ्या आईचे वडील, कोणाही रोग्याची नाडी तो आल्या आल्या पाहत नसत. त्याला घोंगडीवर बसवून ते गावच्या पावसापाण्याची चौकशी करीत, खलातले औषध सावकाश घोटीत राहत, आणि त्याचा श्वास पुरता ठिकाणावर आल्याची खात्री झाली म्हणजेच त्याचा हात हाती घेऊन अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे टेकवीत. एकदा अंगात कणकण असताना मी धावतच वर गेले आणि डावा हात पुढे केला, तेव्हा तो हलकेच बाजूला सारून ते म्हणाले, "आधी दम घे, बाळ. धावत आलेल्याची जबानी घेऊ नये." तर्जनीखाली वात, मध्यमेखाली पित्त, अनामिकेखाली कफ, वाताची गती जळूसारखी किंवा सर्पासारखी, पित्ताची कावळ्याबेडकासारखी, कफाची हंसासारखी किंवा पारव्यासारखी, हे शार्ङ्गधराचे वर्णन ते ऐकवीत, आणि आपल्या मनगटात इतके प्राणी नांदतात या कल्पनेने मी हरखून जाई. ती विद्या माझ्या वाट्याला आली नाही; ते एक वाक्य मात्र आले, आणि त्याचा पुरता अर्थ कळण्यास अर्धे आयुष्य जावे लागले.

मॅट्रिकच्या परीक्षेत गणिताची प्रश्नपत्रिका वाटण्यापूर्वीची ती पाच मिनिटे मला अजून आठवतात. मी बाकावर स्वस्थ बसले होते, जिना चढले नव्हते, अंगात ताप नव्हता. तरीही उरात असे धडधडत होते की शेजारच्या मुलीला ते ऐकू जाईल असे वाटावे. पायांनी न धावताही हृदय धावू शकते, हे त्या दिवशी मला प्रथम उमगले. आपल्या भाषेला ते फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून तर आपल्या काळजाचा ठोका चुकतो, उरात धडकी भरते, आणि संकट टळले म्हणजे जीव भांड्यात पडतो.

या धावण्यामागची यंत्रणा मी पुढे वाचली, ती गरज पडली म्हणून. हृदयाच्या उजव्या कर्णिकेच्या माथ्याशी पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. प्रत्येक ठोक्याचा हुकूम तेथून सुटतो. हा पुंजका सर्वस्वी स्वतःच्या मर्जीवर सोडला, तर तरुण माणसात तो मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल. एरवी स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी सत्तरीच्या घरात राहते, ती व्हेगस नावाच्या मज्जातंतूने अहोरात्र लगाम धरलेला असतो म्हणून. भय वाटताच हा लगाम सैल होतो, आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात. हृदयाला हुकूम पोहोचतो तो पळण्याचा किंवा लढण्याचा. समोर वाघ आहे की गणिताचा कागद, याची शहानिशा करण्याचा अधिकार त्याला नाही. अशा दूतद्रव्यांसाठी अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली ग्रीकातून 'हार्मोन' हा शब्द घडविला. मराठीत आपण त्यांना संप्रेरक म्हणतो, आणि प्रेरणा देणारा तो प्रेरक, हा भाव त्या शब्दात मला फार सार्थ वाटतो.

१९८६ साली मी सरकारी कोषागारात कारकून होते. देयके तपासणे, रोजकीर्द लिहिणे आणि नमुन्याच्या सह्यांशी सह्या ताडून पाहणे हे माझे काम. आणि त्या वर्षीच्या मार्चअखेरीस असे घडले की, इतरांच्या सह्या ताडून पाहणाऱ्या माझीच सही हजेरीपटावर महिन्यापूर्वीच्या सहीशी जुळेना. 'क'ची गाठ थरथरलेली, रेघ नागमोडी. वजन सात किलोंनी उतरले होते, भूक मात्र वाढली होती; सारे घर रात्री पांघरूण घेऊन निजे, आणि मी उघड्या खिडकीशी घाम पुशीत उभी असे. कारण नसताना छाती धडधडे, आणि धडधडे म्हणून भय वाटे. ज्या डॉक्टरांकडे मी प्रथम गेले त्यांनी छातीला नळी लावली, माझे घाबरे डोळे पाहिले, आणि म्हणाले, "हे सारे मनाचे खेळ आहेत. काळजी करणे सोडा." मी ते मानले. वर्षअखेरीचा ताण होता, घरात दोन लहान मुले होती; काळजीस निमित्त हवे तेवढे होते. माझ्या हृदयाची फिर्याद अशी दाखल होताच निकालात निघाली, आणि घाबरट हा शिक्का मी निमूटपणे आपल्या कपाळी लावून घेतला.

त्याच सुमारास आई राहावयास आली. माझ्या तोंडाकडे पाहून ती काही बोलली नाही. परंतु वैद्याची लेक ती, रात्री दोनच्या सुमारास ती उठली, वडिलांचे खिशातले घड्याळ कंदिलाशी धरून माझ्या उशाशी बसली, आणि माझी झोप न मोडता तिने डाव्या मनगटावर तीन बोटे टेकवली. असे तिने ओळीने तीन रात्री केले. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अगं, तू निजतेस, पण तुझी नाडी निजत नाही. काळजी असती तर झोपेत तरी उतरली असती."

त्या साध्या वाक्यात एक जुना वैद्यकीय विवेक सामावलेला आहे, हे पुण्याच्या एका वयोवृद्ध डॉक्टरांनी मला सांगितले. चिंतेने वाढलेली नाडी गाढ झोपेत बहुधा खाली येते. कंठातील अवटू ग्रंथी, जिला आपण थायरॉइड म्हणतो, ती अतिरेकाने स्रवू लागली तर मात्र झोपेतही उसंत नसते, कारण तिचे द्रव्य हृदयाच्या पेशींनाच उतावीळ करून ठेवते आणि अ‍ॅड्रिनलिनचा थेंबही त्यांना लोटासा वाटू लागतो. त्यांनी मला दोन्ही हात पुढे करावयास सांगितले आणि पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. तो कागद पिंपळाच्या पानासारखा थरथरत राहिला, आणि माझ्या सहीचे कोडे मला रक्ताच्या तपासणीपूर्वीच उलगडले. डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्हज यांनी गलग्रंथी वाढलेल्या आणि छातीच्या धडधडीने गांजलेल्या स्त्रियांची हकिकत १८३५ साली लिहिली होती. दीडशे वर्षांनंतर तीच व्यथा माझ्या वाट्यास आली होती. कार्बिमाझोल आणि प्रोप्रॅनोलॉल यांनी काही आठवड्यांत नाडी ऐंशीवर आणली.

नाडी उतरली, भय मात्र उतरले नाही. जिना चढताना एक ठोका जोराने पडला तरी मी तेथेच कठड्याला धरून उभी राही. आता माझे मन हृदयावर पाळत ठेवून होते, आणि त्या पाळतीनेच ते पुन्हा धावू लागे. पहिल्या डॉक्टरांनी जे चुकीने म्हटले होते ते आता काहीसे खरे ठरत होते, आणि हे कबूल करताना मला मोठे जड गेले. मग आजोबांचे वाक्य स्मरले. मी बसू लागले, श्वास लांबवून सोडू लागले. उच्छ्वासाबरोबर व्हेगसचा लगाम किंचित आवळतो आणि ठोके मंदावतात, हे बोटांखाली प्रत्यक्ष जाणवते. पुढे पन्नाशीच्या उंबरठ्यावर पाळी जाताना अंगातून उष्णतेची लाट उठे आणि तिच्यासोबत धडधडही येई, तेव्हा मी ती बिथरून न जाता नोंदवून ठेवू शकले. छातीत दुखणे, घेरी येऊन पडणे किंवा बसल्या जागी धाप लागणे असे काही सोबत असेल, तर मात्र मोजीत न बसता तडक इस्पितळ गाठावे. एरवी वेळ, स्थिती आणि ठोके लिहून न्यावेत, आणि ती नोंद पाहिल्यावाचून कोणी 'मनाचे खेळ' म्हणाले, तर नम्रपणे पुन्हा अर्ज करावा. मन आणि ग्रंथी एकाच हृदयाला हुकूम देतात. हुकूम कोणाचा, हे नुसत्या धडधडीवरून ठरत नाही.

आई गेल्यानंतर तिच्या ट्रंकेत हिशेबाची एक वही सापडली. त्या तीन रात्रींचे पान मी लगेच ओळखले. डावीकडे माझे आकडे होते, ११२, ११६, ११०, आणि प्रत्येकापुढे 'झोपेत' या शब्दाखाली दोन रेघा. घड्याळ बरोबर चालते की नाही हे पडताळण्यासाठी तिने उजवीकडे स्वतःचीही नाडी मोजून लिहिली होती. जिची नाडी जन्मभर सत्तरीच्या पुढे गेली नाही असे आजोबा म्हणत, तिचे आकडे होते ९६, ९८, ९४. त्यांच्यापुढे तिने लिहिले होते, 'जागी'.